जुन्या छायाचित्रांतील स्त्रीवेष : तो वाचावा कसा?



लुगडी आणि दागिने हा विषय कामगार संघटनेत केस पांढरे केलेल्या माणसाने का घ्यावा, असा प्रश्न मला एकदोघा स्नेह्यांनी विचारला. त्याचे उत्तर सरळ आहे. लुगडे कोणीतरी विणलेले असते, कोणा रंगाऱ्याने रंगविलेले असते, चोळी शिंप्याने बेतलेली असते, ठुशीचे मणी कोणा कारागिराने गुंफलेले असतात. बाईच्या अंगावरचा वेष म्हणजे दहापंधरा हातांच्या श्रमांचा एके ठिकाणी मांडलेला हिशेब होय. दीडशे वर्षांपूर्वीचा असा हिशेब पाहावयाचा झाला, तर त्या काळचे छायाचित्र हा सर्वांत जवळचा साक्षीदार. परंतु कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून मी एक गोष्ट शिकलो आहे. साक्षीदार कितीही प्रामाणिक असला, तरी त्याची उलटतपासणी झाल्यावाचून त्याचा शब्द प्रमाण धरू नये. छायाचित्र खोटे बोलत नाही असे आपण समजतो. पण ते पुष्कळ वेळा अर्धेच बोलते. उरलेले अर्धे त्याच्याकडून कसे काढून घ्यावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम थोडा इतिहास. छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जगापुढे जाहीर झाली. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्या इंग्रज गृहस्थाने काचेवर कलोडिअनचा ओला थर देऊन चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि त्यानंतर ही कला खऱ्या अर्थाने जगभर पसरली. आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण त्याच साली कावसजी दावर ह्यांनी मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीची उभारणी हाती घेतली, आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. म्हणजे यंत्राने सूत कातणे आणि यंत्राने चेहरा टिपणे ह्या दोन गोष्टी आपल्याकडे जुळ्या भावंडांसारख्या आल्या. पुढे ह्या दोघांची गाठ कशी पडली ते मी सांगणारच आहे.

१८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण ह्यांच्यासारखे आपले लोक तेथे शिकून तयार झाले व त्यांनी स्वतःचा धंदा थाटला. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या पहिल्या पिढीतले नामांकित छायाचित्रकार. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन ह्या दोघांनी १८५६ च्या अखेरीस मुंबईहून एक सचित्र मासिक संग्रह काढावयास सुरुवात केली, आणि त्यात पश्चिम हिंदुस्थानातील वेष व माणसे ह्यांची एक मालिकाच दिली. पुढे जॉन्सनने ह्याच विषयावर दोन खंडांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पहिला खंड १८६३ चा, गुजरात, कच्छ व काठेवाडाविषयी. दुसरा १८६६ चा, महाराष्ट्राविषयी. मूळ छायाचित्रे घालून लोकांच्या जातीजमातींविषयी काढलेल्या हिंदुस्थानातील पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांच्या वेषाचा पुरावा कोठे आहे, ह्या प्रश्नाला मुंबई इलाख्यापुरते तरी हे उत्तर आहे.

आता उलटतपासणीस लागू. पहिला प्रश्न रंगाचा.

त्या वेळची कलोडिअनची काच आपल्या डोळ्याप्रमाणे पाहत नसे. तिला निळा व जांभळा प्रकाश चांगला कळे. पिवळा जेमतेम कळे आणि तांबडा मुळीच कळत नसे. ह्याचा परिणाम असा होई, की निळे वस्त्र कागदावर पांढुरके उतरे, आणि तांबडे किंवा पिवळे वस्त्र काळसर उतरे. आता आपल्या बायकांचे रंग कोणते होते ते आठवा. तांबड्या काठाची काळी चंद्रकळा घ्या. तिचा काठ आणि अंग दोन्ही छायाचित्रात एकसारखे काळे होऊन जातात; विणकराने ज्या काठासाठी वेगळा ताणा लावला, तो काठच नाहीसा होतो. वधूची पिवळी अष्टपुत्री घ्या. तीही गडद दिसते. आणि केशवपन केलेल्या विधवेचे तांबडे आलवण घ्या, तेही काळेच.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. नववधू, कौतुकाची चंद्रकळा नेसलेली सुवासिनी, आणि जिचे केस कापून जिला माजघराच्या कोपऱ्यात बसविले ती विधवा, ह्या तिघींच्या आयुष्यात जमीनअस्मानाचे अंतर. पण काचेने तिघींना एकच काळे वस्त्र नेसविले! म्हणून घरातल्या जुन्या समूहचित्रात काळ्या लुगड्यातली बाई दिसली, की केवळ लुगड्यावरून निवाडा करू नये. हातात बांगड्या आहेत का, गळ्यात मंगळसूत्र आहे का, कपाळावर कुंकवाचा काळा ठिपका आहे का, अंगात चोळी आहे का, हे पाहावे. केशवपन झालेल्या विधवेला चोळी वर्ज्य होती. डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर आणि मोकळे मनगट हीच तिची खूण. त्याचप्रमाणे फिके लुगडे दिसले म्हणून ते पांढरेच असेल असेही समजू नये. ते चांगले आस्मानी निळे असू शकेल.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. ही आलवणाची शिक्षा ज्या वस्तऱ्याने सुरू होई, तो वस्तरा खाली ठेवण्याचा निर्धार मुंबईच्या नाभिक बांधवांनी १८९० साली सभा भरवून केला. त्यामागे पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचा. गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ साली उभारणारे आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवून देणारे तेच हे लोखंडे. छायाचित्रातील काळे वस्त्र आणि कामगार चळवळीचा इतिहास ह्यांचा असा संबंध आहे.

रंगाच्या ह्या दोषाने आणखी दोन गोष्टी केल्या. आपल्या लोकांची सावळी कांती काचेवर मुळापेक्षा अधिक काळी उतरे. तेव्हा पणजी फोटोत दिसते तेवढी काळी होती असे समजण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट गोंदणाची. कष्टकरी बाईच्या अंगावरचा एकच दागिना असा, की जो सावकाराकडे गहाण पडत नाही आणि चोर नेऊ शकत नाही. तो म्हणजे कपाळावरचे व हातावरचे गोंदण. त्याचा रंग निळसर. आणि निळ्याशी ह्या काचेचे असे सख्य, की गोंदण फिके पडे, पुष्कळदा दिसेनासेच होई. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या चेहऱ्यावरील गोंदणाचीही जुन्या छायाचित्रांत हीच गत झालेली आहे. म्हणजे श्रीमंत बाईची मोत्यांची चिंचपेटी चित्रात चकाकून उठली, आणि गरीब बाईचे गोंदण पुसले गेले. काचेने मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण पुराव्याचा तराजू कोणत्या बाजूला झुकला, ते आपण ओळखले पाहिजे.

दागिन्यांतही मोती आणि सोने ह्यांत भेद पडे. मोती पांढरा, म्हणून नथ, तन्मणी, चिंचपेटी, मोत्याच्या कुड्या ह्या स्पष्ट उतरतात. सोने पिवळे, म्हणून ते जेथे उजेड परतवते तेथे चमकते आणि बाकी काळवंडते. पुतळ्यांच्या माळेतील एखादी पुतळी लखलखीत व शेजारची काळी दिसते ती ह्यामुळे. म्हणून कित्येक छायाचित्रकार कुंचला हाती घेऊन दागिन्यांवर सोनेरी रंगाचे ठिपके देत. असे ठिपके जरा फुगीर आणि फार सारखे दिसतात. ते रंगाऱ्याचे सोने, सोनाराचे नव्हे. आणखी एक खुबी सांगून ठेवतो. अगदी पहिल्या काळातील, चांदी चढविलेल्या तांब्याच्या पत्र्यावरची चित्रे आरशासारखी उलटी असत. महाराष्ट्रात नथ डाव्या नाकपुडीत घालतात. तीच चित्रात उजवीकडे दिसली, तर बाईचा रिवाज निराळा होता असे म्हणण्यापूर्वी चित्र उलटे आहे काय ते पाहावे. काचेवरून कागदावर छापलेल्या चित्रात हा घोटाळा सहसा होत नाही.

आपली लुगडी तांबडी-पिवळी का दिसत नाहीत, हा दोष सुधारण्यास फार वेळ लागला. १८७३ साली फोगेल ह्या जर्मन शास्त्रज्ञाने काचेला विशिष्ट रंगद्रव्य देऊन इतर रंग शिकविण्याची युक्ती शोधली. पण तांबड्यासह सर्व रंग जाणणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, आणि सर्वत्र रुळण्यास त्याहूनही अधिक काळ गेला. म्हणून आपल्या घरातील विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चित्रांनाही हा नियम बहुतांशी लावता येतो.

दुसरा प्रश्न बैठकीचा. ओली काच तयार केल्यापासून ती वाळण्याच्या आत, म्हणजे दहापंधरा मिनिटांत, चित्र घेऊन धुऊन काढावे लागे. काचेसमोर बसणाऱ्याला काही सेकंद निश्चल राहावे लागे. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावीत. चित्रात पायाजवळ त्याचा तळ कधी कधी डोकावतो. ह्या सक्तीमुळे त्या काळचे चेहरे गंभीर व ताठ दिसतात. त्यावरून आपल्या आज्या हसतच नव्हत्या असा निष्कर्ष काढू नये. बाईला खुर्चीवर बसवीत, जरी घरी ती पाटावर किंवा जमिनीवर बसत असे. मेजावर फुलदाणी ठेवीत, आणि हातात पुस्तक देत. हे पुस्तक पाहून आपल्याला आनंद होतो, आणि तो अगदीच अस्थानी नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी आणि १८४९ साली मुंबईत विद्यार्थ्यांच्या साहित्य-शास्त्र सभेने मुलींच्या शाळा काढलेल्या होत्याच. तरी पुष्कळ पुस्तके स्टुडिओच्या सामानापैकीच असत. जॉन्सनच्या ग्रंथात तर स्टुडिओत घेतलेल्या आकृती दुसरीकडे घेतलेल्या देखाव्यांवर जोडून चित्रे बनविलेली आहेत. तेव्हा चित्रातील देऊळ किंवा झाड त्या बाईने पाहिले होते असे धरून चालू नये.

तिसरा प्रश्न काळाचा. विलायती बाईचे छायाचित्र पाहून जाणकार पाचदहा वर्षांच्या अंतराने साल सांगतो. १८५६ च्या सुमारास पोलादी कड्यांचा घेरदार पिंजरा झग्याखाली आला, म्हणून त्या घेराचे चित्र त्यानंतरचे. बाह्या रुंद की अरुंद, केस कानावर की कानामागे, ह्यावरून पुढचा हिशेब बसतो. आपल्याकडे ही किल्ली चालत नाही. नऊवारी लुगडे, त्याच्या निऱ्या, ओचा आणि कासोटा ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या मोठा फरक पडला नाही. लुगडे मागावरून जसे उतरते तसेच नेसतात; त्याला कात्री लागत नाही. आपल्याकडे काळ बोलतो तो चोळीत. पुढे गाठ मारण्याची आखूड बाह्यांची खणाची चोळी ही जुनी रीत. लांब बाह्यांचे, गळ्याला झालर लावलेले पोलके, खांद्यावर पदराला टाचणी, पायांत मोजे आणि बूट, ही शतकाच्या उत्तरार्धातील सुधारक घरांची लक्षणे. मुंबईच्या पारशी स्त्रियांच्या नेसण्याच्या पद्धतीवरून ज्ञानदानंदिनीदेवी टागोर ह्यांनी १८६० नंतरच्या दशकात बंगालमध्ये नवी नेसण नेली, ती ह्याच हालचालीचा भाग. आणि १८८५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाई जोशी ह्यांचे जे प्रसिद्ध छायाचित्र निघाले, त्यात जपानच्या व सीरियाच्या दोन विद्यार्थिनी आपापल्या देशी वेषात बसल्या आहेत आणि आनंदीबाई लुगड्यात आहेत. परमुलखात वैद्यकी शिकणाऱ्या ह्या वीस वर्षांच्या मुलीने काय अंगावर घेऊन बसावे, हा प्रश्न त्या काळी क्षुल्लक नव्हता.

आता चौथा आणि माझ्या मते मुख्य प्रश्न. ही चित्रे कोणासाठी निघाली?

घरच्यांनी हौसेने काढविलेले चित्र वेगळे, आणि सरकारने किंवा ग्रंथकर्त्याने काढविलेले वेगळे. १८६८ ते १८७५ ह्या काळात वॉटसन व के ह्यांच्या संपादनाखाली हिंदुस्थानच्या लोकांवर आठ खंडांचा एक ग्रंथ निघाला. त्यात शेकडो छायाचित्रे आहेत. पण बहुतेक चित्रांखाली नाव आहे ते जातीचे किंवा जमातीचे. माणसाचे नाव अपवादानेच. त्यातून बाई गरीब असेल, तर तो अपवादही नाही. तिचे लुगडे कोणत्या जातीचे, कडी कोणत्या धातूची, हे लिहिले गेले. ती कोण, हे कोणी विचारले नाही.

आणि ही पाहणी केवळ ज्ञानाच्या भुकेने झाली असे नव्हे. वर ज्यांचे नाव घेतले ते जॉन फोर्ब्स वॉटसन लंडनच्या इंडिया म्युझियमचे अधिकारी. १८६६ साली त्यांनी हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने कापून, चिकटवून, १८ खंडांत बांधले. असे २० संच तयार केले. त्यांतले १३ विलायतेत ठेवले आणि ७ हिंदुस्थानात पाठविले. सोबत हिंदुस्थानी लोकांच्या वस्त्रांवर एक ग्रंथ लिहिला, त्यात नेसण्याच्या पद्धती चित्रांनी समजावून दिल्या. हेतू उघड होता. विलायतच्या गिरणीवाल्याला येथे लुगडे विकावयाचे, तर त्याची लांबी-रुंदी किती, काठ कोठे येतो, पदर कोठून दिसतो, हे त्याला कळले पाहिजे. बाईने पदर घेऊन उभे राहावे, आणि तिचे चित्र मँचेस्टरच्या कारखानदाराचे मोजमाप व्हावे! मी प्रारंभी ज्या जुळ्या भावंडांचा उल्लेख केला, त्यांची गाठ येथे पडली.

ह्याची झळ कोणाला लागली ते नाशिककरांस सांगावयास नको. आपल्या जिल्ह्यात येवल्याचा रेशीमकाम करणारा विणकर आहे. पैठणीचा पदर एकेक धागा मोजून भरणारा. आपल्या जिल्ह्यात मालेगाव आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी तेथे माग मांडले, आणि कष्टकरी बायकांची लुगडी विणली. रंगाऱ्यांची कथा आणखी दुःखाची. १८५६ साली पर्किन ह्या तरुण इंग्रजाला डांबरापासून जांभळा रंग करण्याची किमया साधली; १८६८ साली मंजिष्ठातील तांबडा रंगही प्रयोगशाळेत बनला. त्यानंतर मुळ्या आणि साली उकळून रंग काढणाऱ्यांचा धंदा हळूहळू बसला. ज्या वर्षांत हा उलथापालथीचा काळ चालू होता, नेमक्या त्याच वर्षांतली ही छायाचित्रे आहेत. आणि काचेला रंगच दिसत नसल्यामुळे रंगाऱ्याचे मरण त्यांत कोठेच उमटलेले नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, की आता ह्याचा काय उपयोग? मी माझ्या रोजच्या कामातले एक उदाहरण देतो. १९७६ च्या कायद्याखाली विडी कामगारांना कल्याण निधीच्या सवलतींसाठी ओळखपत्र मिळते, आणि त्यावर छायाचित्र लागते. सिन्नरकडच्या बायकांचे असे अर्ज भरताना मी नेहमी पाहत आलो आहे, की छायाचित्राच्या दिवशी बाई ठेवणीतले पातळ नेसून येते. गळ्यातली पोत कधी शेजारणीची असते. एकदा एका तरुण कार्यकर्त्याने हसून म्हटले, "मावशी, सरकारला तुमचे पातळ दिसणार नाही, तोंडच दिसणार." ती म्हणाली, "मला दिसंल ना." मला वाटते, दीडशे वर्षांपूर्वी काचेसमोर बसलेल्या बाईच्या मनातही पुष्कळदा हेच असेल. जातीचा नमुना म्हणून तिला कोणी उभे केले असेल. पण पदर सारखा करून, नथ सावरून ती उभी राहिली ती स्वतःसाठी. फरक इतकाच, की सिन्नरच्या मावशीच्या चित्राशेजारी तिचे नाव लिहिलेले आहे, आणि त्या नावाच्या बळावर तिचा हक्क उभा आहे. नाव असलेले चित्र हक्क सांगते. नाव नसलेले चित्र दुसऱ्याच्या संग्रहातला नमुना होऊन पडते.

म्हणून तुम्हां सर्वांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी पेटीत, देवघराच्या भिंतीवर, कपाटाच्या वरच्या फळीवर जुनी छायाचित्रे असतील. ती काढा, उजेडात नीट पाहा. काठ दिसत नसेल तर तो तांबडा होता काय, असा विचार करा. मनगटे पाहा, चोळी पाहा, कपाळ पाहा. घरातील सर्वांत वयस्क बाईला शेजारी बसवा आणि विचारा : ही कोण? हे लुगडे कोठले? ही पाटली पुढे कोणाच्या लग्नात मोडली? तिचे सांगणे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, चित्राच्या मागच्या बाजूस कडेला लिहा. शाई वापरू नका, ती पुढच्या बाजूस फुटते. नवऱ्याचे नाव लिहून थांबू नका. तिचे स्वतःचे नाव लिहा, माहेरचे ठाऊक असेल तर तेही लिहा.

हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. चित्राचा कागद आणखी पन्नास वर्षे टिकेल; पण त्यातली बाई ओळखणारी म्हातारी आज घरात आहे, तोवरच ते होण्यासारखे आहे.